इंचात अकरा

वैनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्या दहाही बोटांची टोकं काळी होती. हळद लागली, मेंदी लागली, तरी खालचा काळेपणा काही लपला नाही. गल्लीतल्या बायका नव्या सुनेचं तोंड बघायला आल्या आणि हात बघून गेल्या. आई तोंडाची फटकळ. तिनं चहाचे कप गोळा करता करता सगळ्यांना ऐकवलं, "काजू फोडणाऱ्या पोरीचा हात हाय त्यो. चोरी केल्याला न्हाय." वैनी आजऱ्याकडची. तिकडं काजूच्या टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडी पोळते आणि काळी पडते. लग्नाआधी सहा वर्षं ती तेच काम करत होती. मी तेव्हा बारावीला होते, केसाला दोन रिबिनी लावत होते, आणि मला त्या बोटांची लाज वाटली होती. मी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण पंक्तीत ती वाढायला आली की मी ताट जरा मागं घ्यायची. तिच्या ते लक्षात आलं असणार. तिच्या लक्षात यायचं सगळं.

घर म्हणजे राधानगरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. बाबा एका शाळेत शिपाई होते, दादा टेंपो चालवायचा. रोज संध्याकाळी बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून वंदना व्हायची, आणि तेवढा वेळ शेजारचा टीव्हीसुद्धा आवाज बारीक करायचा. वैनीनं येताना माहेराहून घनसाळ तांदळाचं एक बोचकं आणलं होतं. तो भात शिजायला लागला की वास थेट रस्त्यापर्यंत जायचा आणि दादा टेंपो लावता लावताच विचारायचा, "आज काय पावणं आल्यात व्हय?" त्याबरोबर हुलग्याचं माडगं किंवा मिरचीचा खर्डा, एवढंच असायचं. पण वैनी भात वाढताना ताटात थोडा दाबून वाढायची, म्हणजे कमी दिसला तरी पोट भरायचं. आई म्हणायची, हिच्या हाताला माप आहे.

बाबांचा एक नियम होता. या घरात अंगठा उठवणारं माणूस राहणार नाही. वैनी दुसरीतून शाळा सोडलेली, तीही विसरलेली. बाबांनी तिसऱ्याच दिवशी पाटी आणली आणि माझ्या हातात दिली. "हिला वाचाय शिकवायची जबाबदारी तुझी. मी इचारणार." मी आठवडाभर शिकवलं. क, ख, ग, घ पर्यंत आलो. वैनी पेन्सिल अशी धरायची की पाटीवर रेघ उमटण्याऐवजी ओरखडा उठायचा, आणि मला हसू यायचं. मग माझी परीक्षा आली, मग निकाल आला, गणितात मी सपशेल आपटले, आणि त्या रागात पाटी कोठीच्या मागं गेली. बाबांनी एकदा विचारलं तेव्हा मी सांगितलं, चाललंय. वैनी तिथंच भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

नापास पोरीला घरी बसवून काय करायचं, म्हणून बाबांनी कुठून तरी चौकशी करून आणली. जुन्या गूळ अडतीच्या गोदामात बायकांसाठी गालिचे विणण्याचं केंद्र निघालं होतं. शिकायचं आणि शिकता शिकता काम करायचं. मी नाक मुरडलं तेव्हा बाबा म्हणाले, "एकटी नको जाऊस, वैनीला घिऊन जा." असं आम्हा दोघींचं एकदमच नाव लागलं. गोदामातला गूळ कधीच गेला होता, पण वास राहिला होता, आणि मुंगळेही राहिले होते. सकाळी लोकरीची लडी उचलली की आधी झटकायची. तिथं सहा उभे माग होते, वर टांगलेले रंगीत लोकरीचे गोळे होते आणि एक उस्ताद होते. ते मिर्झापूरकडचे, पान खाणारे, पायानं जरा अधू. मराठी आणि हिंदी यांची त्यांनी स्वतःची एक खिचडी केली होती. घरी वैनीला कुणी 'आजऱ्याची' म्हणायचं, कुणी 'ए सूनबाई'. उस्तादांनी पहिल्या दिवशी नाव विचारलं आणि त्या दिवसापासून ते तिला 'सुमनबाई' म्हणायला लागले. संध्याकाळी घरी परतताना ती रस्त्यात दोनदा स्वतःशीच हसली. कारण विचारलं तर म्हणाली, "काय न्हाय, उगंच."

गालिच्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. उभे दोरे मागावर ताणलेले असतात. त्यांतल्या दोन-दोन दोऱ्यांना लोकरीची एकेक गाठ मारत जायचं, गाठ मारली की छुरीनं लोकर तोडायची. अशी एक ओळ पुरी झाली की आडवा दोरा घालायचा आणि पंजा नावाचा लोखंडी दात्यांचा जड फणा घेऊन ती ओळ ठोकून खाली बसवायची. कुठल्या गाठीला कुठला रंग, ते चौकटीच्या कागदावर काढलेलं असतं. त्याला नकाशा म्हणायचं. नकाशा मी वाचायची, कारण मला वाचता येत होतं. मोठ्यानं म्हणायची, "तांबडं चार, निळं एक, पिवळं दोन, परत तांबडं," आणि माझ्याबरोबर शेजारच्या मागावर वैनीचे हात चालायचे. पत्र्याखाली सहा पंज्यांचा ठोका आणि त्यावर माझा आवाज. मला ते फार आवडायचं. माझं ऐकून दुसरं कुणी तरी हलतंय, हे माझ्या डोक्यात गेलं होतं, हे आज कळतं.

काजू सोलायची सवय असलेली बोटं. महिन्याभरात वैनी अशी गाठ मारायला लागली की उस्ताद तिच्यामागं उभे राहून नुसते बघत राहायचे. वेग फार नव्हता. पण पहिली गाठ आणि हजारावी गाठ सारखी. मी मात्र मोजायची. गणितानं मला तोंडावर पाडलं होतं, त्याचा सूड मी गाठींवर उगवत होते. दिवसाला किती, तासाला किती, एका इंचात किती. गालिचा उलटा करायचा, पाठीवर पट्टी ठेवायची आणि इंचात आडव्या किती गाठी, उभ्या किती, ते मोजायचं. आमच्या केंद्राचं माप दहा बाय दहा. जितक्या गाठी जास्त तितका गालिचा भारी, हे मी कुठून तरी ऐकलं होतं आणि ते मला इतकं पटलं होतं की दुसरं काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

उस्तादांनी एकदा आमची परीक्षा घेतली. शहरातल्या कुठल्याशा जुन्या बंगल्यातून त्यांच्याकडं दोन इराणी गालिचे दुरुस्तीला आले होते. एक शहरात विणलेला, वेलबुट्टीचा, इतक्या बारीक गाठींचा की पट्टीखाली मोजताना डोळे दुखले. दुसरा मेंढपाळांच्या बायकांनी विणलेला, मोठ्या चौकोनी नक्षीचा, त्यात इंचाला सात गाठीसुद्धा कशाबशा. उस्तादांनी विचारलं, "बोलो, कौन सा अच्छा?" आम्ही सगळ्या पोरींनी एका सुरात पहिल्याकडं बोट दाखवलं. वैनीनं दोन्हींवर तळहात फिरवला, दुसऱ्याचा कोपरा उचलून हातात चुरगळून सोडला, आणि म्हणाली, "ह्यो बरा. ह्येच्यावर माणूस बसंल." आम्ही खिदळलो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी पहिला गालिचा उलटा केला आणि मधोमध गेलेली घडीची चीर दाखवली. गाठी ठोकून ठोकून इतका कडक केला होता की घडी घातल्यावर पाठीचे दोरेच तुटले होते. दुसरा त्याच्याहून जुना होता, आणि शाबूत होता.

मग त्यांनी सांगितलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. "बारीक वेल काढायची तर गाठ बारीक पाहिजे, वरना वेल टेढी दिसते. सीधी चौकट काढायला उतनी गाठ काय करायची? लोकर जाडी असली तर जास्त गाठ बसतच नाही. रंग कच्चा असला तर हजार गाठी मारून काय फायदा? नकाशा जितनी गाठ मागतो उतनी द्यायची. एक कम नाही, एक ज्यादा नाही. ज्यादा दिली तरी चोरीच हाय, बेटी." आणि खूण सांगितली. दहा बाय दहाच्या नकाशात गोल फूल काढलेलं असतं. विणून झाल्यावर ते गोलच दिसलं पाहिजे. चपटं झालं तर समजायचं, पंजा जास्त पडलाय, ओळी गरजेपेक्षा जास्त दाबल्यात, आणि गालिचा लांबीला आखूड होणार. हे सगळं मी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं होतं. वैनीला लिहिता येत नव्हतं, तिनं नुसतं ऐकलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात उस्ताद मुलीच्या लग्नाला गावी गेले ते परत आलेच नाहीत. जाण्याआधी त्यांनी एका मोठ्या दिवाणखान्यासाठी आलेल्या मागणीचा नकाशा काढून दिला होता. सारख्या दोन गालिच्यांची जोडी, दिवाणखान्याच्या दोन अंगांना टाकायची. मधोमध एक मोठं गोल फूल. कागदाच्या तळाला त्यांनी आपल्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : दहा बाय दहा, लांबी सहा फूट. एक गालिचा माझ्या मागावर, एक वैनीच्या. त्यांच्या जागी नवे साहेब आले. ते आधी कापडाच्या धंद्यात होते. माणूस वाईट नव्हता, पण गालिच्यातलं त्यांना एकच माहीत होतं, आणि ते म्हणजे आकडा. खिशात घडीचं भिंग आणि हातात पोलादी पट्टी. त्यांनी आल्या आल्या सांगितलं की केंद्राला सहा माग परवडत नाहीत, एक बंद करावा लागेल, आणि नव्या येणाऱ्या पोरींना शिकवायला आमच्यातूनच एक मास्तरीण नेमायची आहे. जोडी उतरली की बघू. ज्याचा हात बारीक त्याला मास्तरकी. ज्याचा सैल, त्याचा माग बंद.

म्हणजे आमच्या घरातल्या दोघींपैकी एकीचा. हे साहेबांच्या ध्यानात नसेल, पण आमच्या होतं. त्या दिवशी घरी जाताना वैनी म्हणाली, "वन्सं, तुमीच व्हा मास्तरीण. तुमास्नी वाचाय येतंय. मला निस्ता माग ऱ्हायला तरी बास. काजूला परत नको." तिची बोटं तोवर स्वच्छ झाली होती. टोकाला गुलाबी कातडी आली होती आणि ती अधूनमधून स्वतःच बोटं उजेडाकडं धरून बघायची. तिनं मला जे मागितलं ते इतकं थोडं होतं, की आज ते आठवलं तरी मान खाली जाते.

पण मला मास्तरकी मिळेल याची मला खात्री हवी होती, आणि खात्री म्हणजे आकडा. आडव्या गाठी तर ताणलेल्या दोऱ्यांवरच ठरतात, त्या वाढत नाहीत. उभ्या मात्र पंज्यावर असतात. मी पंजा दोन्ही हातांनी धरून हाणायला लागले. इंचात दहाच्या अकरा झाल्या, कुठं कुठं साडेअकरा. खांदा भरून यायचा, रात्री आई तेल चोळायची आणि म्हणायची, काय दगड फोडतीस काय गं. नकाशा मीच वाचत होते, तेव्हा दोन्ही मागांवर ओळी सारख्याच पडत होत्या, फक्त माझ्या ओळी दाबून बसत होत्या. विणलेला भाग खालच्या रुळावर गुंडाळला जातो, त्यामुळं लांबी उतरेपर्यंत कळत नाही. पण फूल कळतं. अर्धं फूल झालं तेव्हा वैनीनं वाकून माझ्या मागाकडं बघितलं. हळूच म्हणाली, "वन्सं, पंजा जरा दमानं. फूल चेपाय लागलंय बघा."

मी तिला काय म्हणाले ते लिहायला नको वाटतं, पण या प्रकरणात ते सोडून दिलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणाले, "तुला आकडं तरी कळत्यात का? तू तुजं बघ." सगळ्या पोरींनी ऐकलं. वैनीनं मान हलवली आणि पुढच्या रंगाची वाट बघत बसली. मी मुद्दाम थोडा वेळ रंग सांगितलाच नाही.

गालिचे उतरले त्या दिवशी साहेबांनी दोन्ही जमिनीवर शेजारी शेजारी पसरले. माझा वीतभर आखूड. माझ्यातलं फूल वरून-खालून दाबल्यासारखं चपटं, तिचं गोल. उस्ताद असते तर त्यांनी पट्टीला हातसुद्धा लावला नसता. साहेबांनी गालिचे उलटे केले, गुडघ्यावर बसले आणि भिंग लावून मोजायला लागले. माझ्यावर तीन जागी, तिच्यावर तीन जागी. मग उठून म्हणाले, "इकडं अकरा, तिकडं दहा. हा गालिचा सैल विणल्यामुळं लांबलाय. सुमनबाई, हात ढिला आहे तुमचा." वैनी म्हणाली, "न्हाई साहेब, ल्हांबी उस्तादांनी सांगितली तशीच हाय. सा फूट. कागदावर लिवलंय." साहेब माझ्याकडं वळले. "नकाशा कुठाय?"

नकाशा माझ्या कापडी पिशवीत होता. सकाळीच मी त्यावरून शेवटच्या किनारीचे रंग वाचले होते आणि घडी घालून पिशवीत टाकला होता, वैनीच्या डोळ्यांदेखत. पिशवी माझ्या मागाच्या खुंटीला टांगलेली होती, चार पावलांवर. मी म्हणाले, "उस्ताद घिऊन गेलं."

एवढंच. चार शब्दही नाहीत. मी आयुष्यात याहून मोठं खोटं बोलले असेन, घरी, कचेरीत, लग्नाच्या बैठकीत. त्यातलं एकही आठवत नाही. हे जसंच्या तसं आठवतं, माझा आवाज कसा निघाला तेसुद्धा. वैनीनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मला वाटलं ती आता पिशवीकडं बोट दाखवणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, हिला वाचता येत नाही, हिला काय कळतंय कुठला कागद. बाबांनी पाटी आणून दिली होती तिच्यावर मी तिला शिकवलं असतं, तर तो तळाचा आकडा तिनं स्वतः कधीच वाचून ठेवला असता आणि माझ्या होय-नाहीवर तिचा माग अवलंबून राहिला नसता. पण तिनं बोट दाखवलं नाही. साहेब म्हणाले, उद्यापासून आला नाहीत तरी चालेल. वैनीनं आपली छुरी पुसली, मागाच्या आडव्या लाकडावर ठेवली आणि पदर सारखा करून दाराकडं गेली. तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली. मी मान वर केली नाही. मग कधीतरी बघितलं तेव्हा दारात कुणी नव्हतं.

घरी तिनं सांगितलं, माग कमी केले. माझं नाव घेतलं नाही. बाबांनी मला मास्तरीण झाल्याबद्दल पेढे आणले, आणि तिनंच ते गल्लीत वाटले. पुढच्या हंगामात दादाला आजऱ्याला काजूच्या फेऱ्या मिळायला लागल्या आणि दोघं तिकडंच राहायला गेली. गौरी-गणपतीच्या सुट्टीत आली तेव्हा वैनीच्या बोटांची टोकं परत काळी होती. आई मला म्हणाली, "बघ की, किती चांगली झालीती." मी म्हणाले, व्हय.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ वयाला दोष देता आला असता. पण गालिचे उतरल्यावर तीन महिन्यांनी त्या दिवाणखान्याच्या मालकांचं पत्र आलं होतं. जोडी जुळत नव्हती, म्हणून साहेबांनी आधी नमुना म्हणून माझा अकराचा गालिचा पाठवला होता. आखूड आहे, कोपरे वर वळतात, घडीवर रेघ पडली आहे, आणि मधलं फूल गोल का नाही, असं त्यात विचारलं होतं. केंद्राची पत्रं तेव्हा मीच वाचायची. वैनीचा गालिचा तिथंच पडून होता, मापात, गोल फुलाचा. तो पाठवला असता तर मागणी राहिली असती, आणि त्याच्या जोडीचा दुसरा विणायला वैनीलाच बोलवावं लागलं असतं. मला फक्त साहेबांना खरं सांगायचं होतं. मी सांगितलं, धुताना लोकर आखडली असणार. त्यांनी मान्य केलं. मागणी रद्द झाली. वैनीचा गालिचा साहेबांच्या खोलीच्या दारात पायपुसण्याच्या जागी अंथरला गेला. केंद्र बंद पडेपर्यंत सात वर्षं मी रोज त्याच्यावरून आत-बाहेर केलं. चिखलाच्या चपलांनी लोक आले गेले. तो झिजला नाही, वळला नाही. उलट पायांनी त्याची लोकर चमकायला लागली. मला बघवायचं नाही, म्हणून मी मोठं पाऊल टाकून ओलांडायची. मलकापूरकडून एसटीनं येणाऱ्या पोरी मला हसायच्या, बाई उडी मारून का जातात म्हणून. त्यांना मी पहिल्या दिवशी काय शिकवायची? फूल गोल राहिलं पाहिजे.

केंद्राचं शटर पडलं त्या वर्षी वैनी-दादांनी आजऱ्याला स्वतःच्या दोन खोल्या बांधल्या. गृहप्रवेशाला मी गेले. भन्तेजी आले, वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. दुपारी वैनी स्वयंपाकघरात भांडी पालथी घालत होती आणि मी दाराला टेकून उभी होते. सांगायचं ठरवून आले होते असं नाही. पण तोंडातून निघालं. "वैनी, त्या दिवशी नकाशा माज्याजवळच हुता."

"ठावं हाय की," ती म्हणाली. पातेलं पालथं घातलं, दुसरं घेतलं.

"मग बोलली का न्हाईस?"

"मी काय बोलू? कागूद तुमचा, वाचणार तुमी." दुसरंही पालथं घातलं आणि म्हणाली, "मी दारात थांबलोतो." आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, आलो, गेलो, थांबलो. माझी पुण्यातली भाची त्याला हसते. मला त्या दिवशी ते 'थांबलोतो' फार जड गेलं.

मी विचारलं, "कशाला?"

"चपला घालून हुबा हुतो. म्हटलं, वन्सं माघारी बोलिवत्यात काय बघूया. माणसाला जरा येळ लागतोय." तिनं ओल्या हातानं केस मागं सारले. तिच्या आवाजात कुठं काही टोचेल असं नव्हतं, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं ती सांगत होती. "मग तुमी उठलासा. पिशवीत हात घातलासा. मला वाटलं, आता कागूद काढत्यात."

मला काही आठवेना. मी म्हणाले, "मग?"

"मग डबा काढलासा." ती हसली. "मग काय, गेलो घरला."

आम्ही दोघी एकच डबा न्यायचो. भाकरी ती भाजायची, चार. दोन तिच्या, दोन माझ्या. त्या दुपारी मी चारही खाल्ल्या होत्या.